धावपट्टीचा हिशेब तिकिटावर मांडू नका

जळगावची विमानसेवा बंद पडली की खान्देशात दोन तट पडतात, आणि सुरू झाली तरी ते तसेच राहतात. एका बाजूला व्यापारी, उद्योजक आणि मुले पुण्या-हैदराबादेत नोकरीला असलेली मंडळी. विमान नाही म्हणून उद्योग येत नाहीत, हे त्यांचे पालुपद. दुसऱ्या बाजूला केळीच्या भावासाठी रस्त्यावर बसणारे कार्यकर्ते. घरात कापूस पडून आहे आणि यांना विमाने सुचतात, हे त्यांचे उत्तर. दोघेही हिरिरीने भांडतात, पण दोघेही एकच आकडा डोळ्यांसमोर ठेवतात: आज विमानात किती जण बसले आणि तिकीट किती पडले. छोट्या विमानतळाचा हिशेब त्या आकड्यावर मांडला की तो चुकणारच. माझे म्हणणे असे की सरकारने धावपट्टीवर, कुंपणावर, हवामानाच्या यंत्रांवर आणि बचाव पथकावर नियमित खर्च करावा. प्रवाशाच्या आसनावर करू नये. तो पैसा प्रामुख्याने मुंबई-पुण्याच्या विमान वाहतुकीतून यावा, आणि तो घेताना उड्डाण प्रशिक्षण संस्थांवर आजच्यापेक्षा कडक अटी घालाव्यात. ही भूमिका दोन्ही तटांना आवडणार नाही, याची कल्पना आहे.

खान्देशात आजघडीला तीन धावपट्ट्या आहेत आणि तिघींचे मालक तीन तऱ्हेचे आहेत. जळगावची केंद्राच्या विमानतळ प्राधिकरणाकडे. धुळ्याजवळची गोंदूरची राज्य सरकारची. शिरपूरजवळ तांडे येथली एका शिक्षणसंस्थेची, स्वतःच्या पैशाने बांधलेली. या तिघींवर सर्वांत जास्त वेळा जी चाके टेकतात ती प्रवासी विमानांची नसतात, शिकाऊ वैमानिकांच्या दोन-चार आसनी विमानांची असतात. गोंदूरच्या शिवारात सकाळी उभे राहिले की हे कळते. विमान उडते, डावीकडे वळते, पट्टीला समांतर मागे जाते, पुन्हा दोनदा वळून खाली येते, चाके टेकली न टेकली तोच इंजिनाचा आवाज चढतो आणि ते परत वर. तासाभरात तेच विमान त्याच बाभळीवरून कितीदा तरी जाते. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे झुकला की हे सगळे पहाटेच उरकावे लागते, कारण तापलेली हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि छोट्या इंजिनाचा दमही कमी पडतो. व्यावसायिक परवान्यासाठी एका विद्यार्थ्याला किमान २०० तास उडावे लागते. म्हणजे ज्यांना आपण 'बंद पडलेला विमानतळ' म्हणतो, तिथे बहुतेक दिवशी काम चालू असते. ते आपल्या वादात कुठेच नसते.

विरोधकांचा पहिला मुद्दा मला जवळजवळ पूर्ण मान्य आहे. आसनाला दिलेले अनुदान फसले. केंद्राची 'उडान' योजना ऑक्टोबर २०१६ मध्ये आली. विमानातल्या निम्म्या आसनांचे भाडे तासाभराच्या प्रवासाला अडीच हजारांवर ठेवायचे आणि कंपनीची तूट तीन वर्षे भरून द्यायची, असा तिचा साचा. ती तूट भरायला मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर आकार बसवला आणि काही वाटा राज्यांनी उचलला. जळगावला डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनचे १९ आसनी विमान आले आणि काही महिन्यांत गेले. सप्टेंबर २०१९ मध्ये ट्रूजेट आली. २०२२ मध्ये ती कंपनीच थांबली. २०२४ पासून तिसरा डाव सुरू आहे. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात देशभरचे चित्र आहे: तिसऱ्या फेरीपर्यंत वाटलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत, सुरू झालेल्या ३७१ पैकी अवघ्या ११२ मार्गांनी तीन वर्षे पुरी केली, आणि अनुदान संपल्यावरही टिकले ते फक्त ५४. अनुदान संपताच विमान गायब होत असेल, तर तो पैसा नेमका कोणाच्या सोयीसाठी खर्च झाला? अडीच हजारांत मुंबईला जाणारा माणूस बहुतेक करून एसी टू टायरचे तिकीट सहज काढू शकणारा होता. यात समर्थकांनी ओशाळण्यासारखे नक्कीच आहे.

ही चूक आपल्याकडे नवी नाही. १८६० च्या दशकात जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला या खासगी कंपनीची रेल्वे चाळीसगाव, जळगाव करत भुसावळला पोचली, तेव्हा कंपनीच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची सरकारी हमी होती. नफा पाच टक्क्यांच्या खाली गेला की फरक हिंदुस्थानच्या महसुलातून, म्हणजे रयतेच्या साऱ्यातून भरला जाई. काटकसर केली काय आणि उधळपट्टी केली काय, भागधारकाला फरक पडत नव्हता. १८६९ नंतर सरकारने स्वतः लोहमार्ग बांधायला घेतले, ते उगीच नव्हे. पण त्या हमीवर टीका करणाऱ्यांनी रूळ उखडा असे म्हटले नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने खान्देशच्या कापसाला सोन्याचा भाव आणला, तो ओसरला, कंपनीही पुढे गेली. रूळ राहिले आणि भुसावळ त्यावर उभे राहिले. नफ्याची हमी देणे आणि कायम टिकणारी वस्तू बांधून ती सांभाळणे, हे दोन वेगळे खर्च आहेत. 'उडान'वर रागावून जळगाव किंवा गोंदूरची धावपट्टी पडीक टाका म्हणणारे या दोन खर्चांची गल्लत करतात.

समर्थकांचे युक्तिवादही काही कमी भोंगळ नाहीत. केळी विमानाने आखातात जाईल, हे भाषण आपण किती निवडणुकांत ऐकणार आहोत? केळी हे वजनदार आणि किलोला स्वस्त पीक आहे. रावेर-सावद्याची केळी रेल्वेच्या वॅगनने दिल्लीला जाते, ट्रकने उत्तरेत जाते, थंड कंटेनरमधून बंदरावर जाते, आणि तेच तिचे योग्य मार्ग आहेत. जळगावच्या सतराशे मीटरच्या आसपासच्या पट्टीवरून एटीआर हे पंख्यांचे छोटे प्रवासी विमान उडते. त्याच्या पोटात केळी भरून कोणाचे पोट भरणार? सोन्याच्या पेठेचेही तसेच. सराफाला मुंबईला जायला विमान बरे पडते, पण त्यासाठी करदात्याने तूट का भरावी, याचे उत्तर पेठेने दिलेले नाही. आणि रेल्वे आधी, असे कोणी म्हटले तर मी त्याच्याच बाजूने आहे. धुळ्यावरून जाणारा मनमाड-इंदूर लोहमार्ग सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झाला, ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी. तो आधी व्हावाच. गोंदूरचे कुंपण दुरुस्त केल्याने त्यातला एक स्लीपरही कमी होणार नाही.

खरा अवघड आक्षेप वेगळाच आहे, आणि तो सातपुड्यातून येतो. १६ जुलै २०२१ रोजी शिरपूरहून उडालेले एक शिकाऊ विमान चोपडा तालुक्यात वर्डीच्या डोंगराळ जंगलात कोसळले. प्रशिक्षक जागीच गेले, शिकाऊ वैमानिक तरुणी गंभीर जखमी झाली. तिथवर गाडी जाईल असा रस्ता नव्हता. आसपासच्या आदिवासी पाड्यांवरचे लोक पावसात धावत गेले, बांबूला झोळी बांधली आणि त्या मुलीला खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणले. हीच झोळी त्या डोंगरात बाळंतिणीसाठी, सर्पदंशासाठी वापरतात. आता त्या पाड्यावरच्या माणसाने विचारले, 'त्यामा आमनं काय शे?', म्हणजे त्यात आमचे काय आहे, तर उत्तर काय द्यायचे? त्याच्या डोक्यावरून विमान जाते, आवाज तो सोसतो, पडले तर त्याच्या रानात पडते, उचलायलाही तोच जातो. विमानातली जागा मात्र चाळीस-पन्नास लाख आणि त्याहूनही जास्त फी भरणाऱ्याची. छोट्या विमानतळांना सार्वजनिक पैसा द्या म्हणणाऱ्या प्रत्येकाने, मी धरून, आधी या प्रश्नापाशी थांबायला हवे.

पण थांबून नीट पाहिले, तर हा आक्षेप विमानतळ बंद करा असे सांगत नाही. ओझे कोणावर आणि लाभ कोणाला, हे तो विचारतो. ओझे आले कुठून तेही पाहू. जे. आर. डी. टाटांना देशातला पहिला वैमानिक परवाना १० फेब्रुवारी १९२९ रोजी मिळाला, तेव्हा मुंबईतला फ्लाइंग क्लब नुकताच सुरू झाला होता आणि जुहूच्या मैदानावर शिकाऊ विमाने खुशाल घिरट्या घालत. तोच बॉम्बे फ्लाइंग क्लब आता वैमानिक घडवतो तो धुळ्यात, गोंदूरला. कारण मुंबईच्या आकाशात आता नवशिक्याला जागाच नाही. ज्या सांताक्रूझला दर मिनिट-दीड मिनिटाला एखादे विमान चढते-उतरते, तिथल्या कॉकपिटमधली माणसे कुठेतरी आधी चुकत, धडपडत शिकलेली असतात. एअर इंडियाने २०२३ च्या सुरुवातीला ४७० विमाने मागवली, त्याच वर्षी इंडिगोने ५००. ती उडवणार कोण? आज हजारो मुले त्यासाठी अमेरिका, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड गाठतात आणि आईबापांची जमीन गहाण पडते. महानगराच्या विमान वाहतुकीने शिकवण्याचे काम, आवाज आणि धोका खान्देशाकडे ढकलला आहे. मग त्याची किंमत महानगराने का चुकवू नये?

मार्ग सरळ आहे. विमानाच्या इंधनावर राज्य सरकार मूल्यवर्धित कर घेते. २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडसाठी तो २५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला. सवलत विमान कंपन्यांना मिळाली. उरलेल्या अठरातला अगदी छोटा हिस्सा बाजूला काढून तो फक्त छोट्या धावपट्ट्यांच्या देखभालीला बांधून द्यावा, दरवर्षी, मंत्र्याच्या मर्जीवर न ठेवता. अमेरिकेत १९७० पासून तिकीट आणि इंधनावरच्या करांचा असा निधी आहे, आणि त्यातून हजारो लहान विमानतळ सांभाळले जातात. तिथेही ओरड होतेच की सामान्य प्रवाशाच्या तिकिटातून धनिकांच्या खासगी विमानांची मैदाने पोसली जातात. ती ओरड रास्त आहे, म्हणून आपण त्यात एक दुरुस्ती करावी: जो उतरेल तो भरेल. शिकाऊ विमानाच्या प्रत्येक टेकण्याला थोडा, चार्टर विमानाला भरपूर, आणि निवडणुकीत नेत्यांना घेऊन येणाऱ्या विमान-हेलिकॉप्टरांना सगळ्यांत जास्त आकार लावावा, तोही रोखीने. प्रशिक्षण संस्थांच्या उत्पन्नातला जो वाटा प्राधिकरण घेत असे, तो २०२० च्या धोरणात माफ झाला. त्यानंतर २०२१ मध्ये जळगावसह पाच विमानतळांवर नव्या संस्थांना जागा मिळाल्या. माफी देऊन संस्था आल्या, ठीक. पण माफीच्या बदल्यात गावाला काय मिळाले, हे करारात कुठे लिहिले आहे?

इथे कोणीतरी शिरपूरचे नाव घेणार. तिथे सरकारचा रुपया न लागता धावपट्टी झाली, मग सरकारने यात पडायचेच कशाला? शिरपूरकरांनी पाणी साठवण्यात आणि शिक्षणात जे केले त्याचे कौतुक मलाही आहे. पण खासगी वापराच्या धावपट्टीवर कोण उतरेल हे मालक ठरवतो. कायदाच तसा आहे. एखाद्या तालुक्याला उदार मालक मिळाला म्हणून बाकीच्यांनीही वाट पाहत बसावे, याला धोरण म्हणत नाहीत. आणि खासगीकरणाचा दुसरा नमुनाही राज्याने पाहिला आहे. २००९ मध्ये नांदेड, लातूर, बारामती, यवतमाळ आणि उस्मानाबाद हे पाच विमानतळ एकाच उद्योगसमूहाकडे ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने गेले. पुढे ते परत कसे घ्यायचे याची चर्चा सरकारलाच करावी लागली. ९५ वर्षे! पट्टा लिहिणाऱ्याचे नातूसुद्धा जाब विचारायला उरणार नाहीत. धुळ्याच्या बाबतीत असला कागद कोणी पुढे केला, तर तो तिथेच फाडावा.

आता नियमांकडे येऊ, कारण पैशाइतकाच घोळ तिथे आहे. छोट्या विमानतळवाल्यांची तक्रार अशी की नियमांचा जाच फार. डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, परवाना वेगळा, नागरी विमान सुरक्षा ब्युरोची मान्यता वेगळी, हवाई क्षेत्रासाठी प्राधिकरण, जोडीला पोलीस, जिल्हाधिकारी, कधी संरक्षण खाते. दोन आसनी विमानाच्या मैदानाला आणि सत्तर प्रवाशांच्या विमानतळाला लागणारे कागद बरेचसे एकाच साच्यातले. तक्रार खोटी नाही. १९३४ चा कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला, तरी टेबलांची संख्या घटलेली कोणाला जाणवलेली नाही. पण 'जाच कमी करा' याचा अर्थ 'पाहणे बंद करा' असा घेतला जातो, तिथे माझे पटत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीजवळ चार दिवसांत एकाच संस्थेची दोन शिकाऊ विमाने पडली आणि मग डीजीसीएला त्या संस्थेचे प्रशिक्षण थांबवावे लागले. २०२५ मध्ये डीजीसीएने उड्डाण संस्थांची पहिली क्रमवारी लावली, तर वरच्या दोन श्रेणींत देशातली एकही संस्था बसली नाही. ही परीक्षा नियामकानेच घेतली आणि वर्गातले कोणीच पहिल्या वर्गात आले नाही. अशा वेळी देखरेख ढिली करा असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

सैल करायचे ते कागद, घट्ट करायचे ते डोळे. छोट्या मैदानांवर बहुधा नियंत्रक नसतो. वैमानिक रेडिओवर एकमेकांना आपली जागा सांगत उतरतात. जगभर हे चालते आणि त्यात गैर काही नाही, पण त्यासाठी वाऱ्याचा वेग, दृश्यता आणि ढगांची उंची सांगणारे स्वयंचलित यंत्र मैदानावर चालू हालतीत हवे. जुलैत सातपुड्यावर ढग किती झटकन खाली येतात, हे यावल-चोपड्याच्या शेतकऱ्याला ठाऊक असते; दिल्ली-हरियाणातून शिकायला आलेल्या पोराला नसते. प्रशिक्षक किती तास सलग उडतो याची नोंद बाहेरच्या माणसाला पाहता आली पाहिजे. थोडक्यात टळलेले अपघात दडपणाऱ्या संस्थेला शिक्षा आणि कळवणाऱ्याला अभय असावे, कारण आज नेमके उलटे भय वाटते. आणि अपघात अन्वेषण ब्युरोचा अहवाल इंग्रजीत दिल्लीच्या संकेतस्थळावर पडून राहू नये. ज्या गावच्या शिवारात विमान पडले त्या ग्रामपंचायतीत तो मराठीत वाचून दाखवला जावा. हे फार झाले असे वैमानिकांना वाटेल. झोळी उचलणाऱ्यांना वाटणार नाही.

सार्वजनिक पैसा घेणाऱ्या धावपट्टीवरच्या प्रत्येक संस्थेला आणखी एक अट घालावी: ठरावीक जागा धुळे, जळगाव, नंदुरबारमधल्या भिल्ल, पावरा, कोकणी या आदिवासी मुलामुलींसाठी, पूर्ण फीमाफीसह. हे आकाशातून पडलेले स्वप्न नाही. महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेने इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांना सरकारी खर्चाने नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये वैमानिक प्रशिक्षण देऊ केलेच आहे. अडचण आहे ती बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असण्याची. आश्रमशाळांत त्या विषयांचे शिक्षक टिकत नाहीत, हे कोणापासून लपलेले नाही. तेव्हा वैमानिकाच्या जागेसोबत विमान दुरुस्तीच्या तंत्रज्ञाच्या जागाही मागाव्यात, कारण खान्देशात विमानाचे पाने-हातोडे हातात घेणारी पोरे तयार झाली, तर ती संस्था गेली तरी इथेच राहतील. शिकाऊ विमानांचे पेट्रोल, ज्याला एव्हगॅस म्हणतात, २०२२ पर्यंत परदेशातून येत होते. आता ते बडोद्याच्या रिफायनरीत तयार होते. बडोदा धुळ्याहून काही फार लांब नाही. साठवणुकीचा एक डेपो गोंदूर किंवा जळगावला मागायला कोणाही आमदाराला हरकत नसावी.

आता कोणी नंदुरबारलाही धावपट्टी मागेल. तिथे ती नको. शिरपूर आणि धुळे दोन्ही जवळ आहेत, आणि धडगाव-मोलगीच्या माणसाला धावपट्टीचा उपयोग शून्य आहे. त्याला बारमाही रस्ता हवा, वेळेवर येणारी १०८ हवी, आणि फार तर जिल्हा रुग्णालयाला लागून रात्रीही उतरता येईल असा दिव्यांचा, इंधनाची सोय असलेला हेलिपॅड हवा. वर सांगितलेल्या निधीतून पहिला खर्च त्यावर झाला तरी माझी तक्रार नाही. दुसरा खर्च गोंदूरच्या कुंपणावर आणि हवामान यंत्रावर व्हावा. जळगावहून विमान आठवड्यात किती दिवस उडते, हे ज्या कंपनीला परवडेल तिने स्वतःच्या पैशावर ठरवावे.